एक रायफल, दोन खंड

भारतापुरता शिकारीचा प्रश्न कायद्याने निकालात काढला, त्याला आता अर्धशतक उलटून गेले. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संस्थानी शिकारखान्यांचे उरलेसुरले वैभवही इतिहासजमा केले. ते योग्यच झाले. परंतु जगाच्या फार मोठ्या भागात शिकार आजही कायदेशीर आहे, आणि तेथे एक जुना प्रश्न आपल्याकडे क्रिकेटच्या संघनिवडीवर जसा वाद होतो तितक्याच हिरिरीने चर्चिला जातो. आपल्या गावाशेजारच्या रानात हरणाला चालेल, पर्वतात एल्कला पुरेल आणि आयुष्यात एकदा आफ्रिकेला जाण्याचा योग आलाच तर रानरेड्यासमोरही दगा देणार नाही, अशी एकच रायफल कोणती?

वरवर पाहता हा खुशालचेंडूंचा वाद वाटेल. त्यात हौसेचा आणि मिरवण्याचा भाग पुष्कळ आहे, हेही खरे. पण या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत बहुधा रायफल विकत घेणारा मोजत नाही. ती मोजतो पोटात गोळी घेऊन झाडीत शिरलेला प्राणी, आणि त्याच्यामागे रक्ताचा माग काढत जाणारा पगारी माणूस.

अमेरिकेतील शिकाऱ्याचे घरगुती उत्तर ठरलेले आहे. तेथील लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले .३०-०६ हे काडतूस, ज्याला अमेरिकन लोक ‘थर्टी-ऑट-सिक्स’ म्हणतात, गेली शंभराहून अधिक वर्षे तेथील रानोमाळ वापरात आहे. सुमारे पावणेबारा ग्रॅमची गोळी ते सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने फेकते. नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा ३,९०० ज्यूलच्या आसपास भरते. हरीण, एल्क, मूस, आणि आफ्रिकेतील कूडूसारखी मोठी काळविटे, एवढ्यांना हे सामर्थ्य पुरेसे आहे. अध्यक्षपदावरून उतरल्याबरोबर १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेला गेले, तेव्हा याच काडतुसाची स्प्रिंगफील्ड रायफल त्यांच्याजवळ होती. मात्र तिच्या जोडीला .४०५ ची विंचेस्टर आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडची दुनळी रायफलही त्यांनी नेली होती. एका रायफलीवर भागवावे असे त्यांना वाटले नाही, ही गोष्ट त्यांचे नाव घेणारे सहसा विसरतात.

त्याच हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम हे काडतूस बाजारात आणले आणि ‘एकच रायफल’वाल्यांना त्यांचे दैवत मिळाले. एकोणीस-साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, ऊर्जा सुमारे ५,७०० ज्यूल, आणि तरीही दोन-अडीचशे मीटरपर्यंत गोळीचा मार्ग जवळजवळ .३०-०६ इतकाच सरळ. शिवाय हलकी गोळी भरा की जड, नेमाच्या बिंदूत फारसा फरक पडत नाही, हा त्याचा दुसरा गुण. काडतुसाचे लांबट व निमुळते अंग नळीत सहज सरकते, अडकत नाही. समोरून रेडा येत असताना या साध्या गोष्टीचे मोल काय असेल ते सांगायला नको. १९३० नंतरच्या दशकात विंचेस्टर कंपनीने आपल्या ‘मॉडेल ७०’ मध्ये ते बसवले आणि श्रीमंत इंग्रजांची ही मिजास अमेरिकन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जाडीचे किमान माप ठरवणाऱ्या आफ्रिकेतील अनेक देशांच्या नियमांत हत्ती, रानरेडा आदी धोकादायक जनावरांसाठी .३७५ हीच सीमारेषा धरलेली असते, हा योगायोग नव्हे.

या सर्व हिशेबाला छेद देणारा एक माणूस होऊन गेला. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांपैकी बहुसंख्य ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने. रिग्बी या लंडनच्या कारखान्याने त्यालाच .२७५ असे इंग्रजी नाव दिले होते. हत्तीसाठी आज जी ऊर्जा किमान मानली जाते, तिच्या जेमतेम निम्मी ऊर्जा त्या काडतुसात होती. पण बेल यांनी हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूची जागा अभ्यासली होती, आणि लांबट, पूर्ण वेष्टनाची गोळी नेमकी तेथे पोहोचवण्याइतका त्यांचा हात स्थिर होता. बेल यांचे उदाहरण देणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हत्तीची कवटी कापून पाहिलेले त्यांत किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आणि हत्तींच्या आजच्या अवस्थेकडे पाहता त्या हजाराच्या आकड्याचे कौतुक किती करावे, हाही प्रश्न उरतोच.

कायदा माणसाचा हात तपासत नाही. तो आकडा तपासतो. नामिबियाने आपला नियम ज्यूलमध्येच लिहिला आहे. लहान हरणांना १,३५०, कूडू-ओरिक्ससारख्यांना २,७०० आणि रानरेडा, हत्ती यांना ५,४०० ज्यूल. नियम सुटसुटीत आहे, तपासायला सोपा आहे आणि म्हणूनच अपुरा आहे. कारण ऊर्जेचा आकडा हलकी गोळी अफाट वेगाने फेकूनही गाठता येतो. अशी गोळी रेड्याच्या खांद्याच्या हाडावर फुटून वरवरची जखम करील आणि कागदोपत्री कायद्याचे पालन झालेले असेल. उलट बर्लिनच्या ओट्टो बॉक यांनी १९०५ मध्ये आफ्रिकेतील जर्मन वसाहतवाल्यांसाठी तयार केलेले ९.३×६२ हे काडतूस, साध्या व स्वस्त माउझर रायफलीत बसणारे, जड गोळीचे, मध्यम वेगाचे, गेले शतकभर रेडे मारत आले असूनही त्याच्या नेहमीच्या मात्रेत या आकड्याला थोडे कमीच पडते. युरोपातील शिकारी घरच्या रानडुकरासाठी आणि मूससाठी आजही ते आवडीने वापरतो. धाकटी रायफल घरी पुरते, थोरली प्रवासात लागते, असा पेच ज्याला पडला त्याने या मधल्या उत्तराचा विचार अवश्य करावा. फक्त जेथे जायचे तेथील नियम आधी वाचावा.

मग .३७५ घेऊन प्रश्न मिटवावा हे सोपे नाही काय? नाही, आणि याचे कारण खांद्यात आहे. .३७५ चा धक्का .३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट असतो. वर्षातून चार-सहा गोळ्या झाडणारा माणूस या धक्क्याला मनातून भितो. चाप ओढण्याच्या क्षणी त्याचे डोळे मिटतात, खांदा मागे सरकतो आणि गोळी छातीऐवजी पोटात जाते. गोळी थोरली असल्याने पोटातली जखम कमी क्रूर होत नाही. पुष्कळ व्यावसायिक शिकारी-मार्गदर्शकांचा अनुभव असा की, पाहुणा नवी कोरी मोठी रायफल घेऊन आला की काळजी वाटते. लाकडी दस्त्यावरचे पॉलिश झिजलेली जुनी.३०-०६ घेऊन आला की हायसे वाटते. हा अनुभव आकड्यांच्या कोष्टकांत मावत नाही.

जखमी करून सोडलेल्या जनावराचे पुढे काय होते, याचा सर्वांत भीषण दाखला आपल्याच देशातला आहे. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले. ती मेल्यावर तपासणीत दिसले की तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार मुळाशी. कॉर्बेट यांचा निष्कर्ष असा की ही कुठल्या तरी जुन्या गोळीची जखम असून नेहमीचे भक्ष्य मारणे अशक्य झाल्यामुळेच ती माणसांकडे वळली. ती गोळी कोणी झाडली, कोणत्या बंदुकीतून, हे कोणालाच कळले नाही. त्या अनामिकाने घरी परतून ‘थोडक्यात चुकला’ असे सांगितले असेल. जाता जाता हेही नोंदवावे की या वाघिणीच्या पाठलागात खुद्द कॉर्बेट केवळ तीन काडतुसे घेऊन गेले होते आणि शेवटी त्यांना तहसीलदाराची खिळखिळी बंदूक मागून घ्यावी लागली. प्रसिद्ध .२७५ रिग्बी ही त्या कामगिरीबद्दल त्यांना मिळालेली बक्षिसी. ती आधी नव्हती. आणि पुढे तिच्या जोडीला त्यांनी .४५०/४०० ची जड दुनळीही बाळगलीच.

आफ्रिकेत हा हिशेब अधिक रोकडा आहे. पाहुण्याने रेडा जखमी केला तर उंच गवतात शिरून तो पुरा करण्याचे काम मार्गदर्शकाचे आणि त्याच्या पुढे वाकून माग काढणाऱ्या स्थानिक माणसाचे असते. त्याच्या हातात बहुधा काठीच असते. आपल्याकडच्या संस्थानी शिकारीत हाकेकरी मरत, त्यांची नावे शिकारीच्या वह्यांत सापडत नाहीत. सिंह असो की रेडा, अर्धवट काम हे सर्वत्र सारखेच. २०१५ मध्ये झिंबाब्वेतील सेसिल सिंह एका अमेरिकन पाहुण्याच्या बाणाने जखमी होऊन कित्येक तास जिवंत राहिला, तेव्हा जगभर जो संताप उसळला त्यात सिंहाच्या मृत्यूइतकाच त्या तासांचाही वाटा होता.

प्रवासाच्या अडचणी यापुढे किरकोळ ठरतात, पण रायफलीची निवड पुष्कळदा त्याच ठरवतात. विमानात रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत आणि सामानाच्या कक्षातच जाते. काडतुसांना माणशी ५ किलोंची मर्यादा आहे. .३७५ ची शंभराच्या आसपास काडतुसे त्यात बसतात, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. खरी भीती वजनाची नसून सामान हरवण्याची आहे. रायफल पोहोचली आणि काडतुसे मागे राहिली तर आडगावच्या दुकानात जे मिळेल तेच उपयोगाचे, आणि तेथे .३०-०६ व .३७५ मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक. काल-परवा निघालेल्या आकर्षक नावाच्या काडतुसांना तेथे कोणी विचारत नाही. दुर्बीण हादऱ्याने बिघडली तर ती काढून टाकता यावी आणि खाली साधी माशी शाबूत असावी, हे जुने शहाणपणही विसरण्याजोगे नाही. काही जर्मन कारखाने एकाच दस्त्यावर नळ्या बदलण्याची सोय देतात. घरासाठी एक नळी, परदेशासाठी दुसरी. युक्ती नामी आहे. मात्र तिला ‘एक रायफल’ म्हणावे की एका पेटीतल्या दोन, हा शब्दांचा खेळ झाला.

सरकारांचे नियमही विचित्र वळणे देतात. लष्करी काडतूस म्हणून .३०-०६ फ्रान्समधील शिकाऱ्यांना २०१३ पर्यंत वर्ज्य होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंडखोरांच्या धास्तीने इंग्रज सरकारने हिंदुस्थान व सुदानमध्ये .४५० च्या रायफलींना बंदी केली, तेव्हा लंडनच्या कारखानदारांनी निमूटपणे .४६५, .४७०, .४७६ अशी नवी मापे काढली. आफ्रिकेच्या शिकारकथांत गाजलेली .४७० अशी हिंदुस्थानच्या सरकारी हुकमातून जन्मली.

आपल्याकडे आजही त्याच हुकमांची सावली आहे. लष्करी .३०३ नागरिकांना मना, म्हणून सरकारी कारखान्याची .३१५ ही मध्यम ताकदीची रायफल परवानाधारकाच्या हाती येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणारी हत्यारे तीनवरून दोनवर आणली. शिकार नसली तरी वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा उभे पीक उद्ध्वस्त करणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी देता येते, आणि तेव्हा कोणीतरी, कोणती तरी रायफल उचलतोच. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघीण मारली गेली, त्यानंतर बेशुद्धीचा बाण, परवानगी, कार्यपद्धती या सर्वांवर रणे माजली आणि ते आवश्यकच होते. पण पिकांच्या रखवालीसाठी रानडुकरावर गोळी झाडायला निघणाऱ्याने वर्षभरात नेमबाजीचा सराव किती केला, हे विचारण्याची तरतूद व्हावी असे त्या गदारोळातही कोणाला सुचले नाही.

नॉर्वेने हे सुचवून घेतले आहे. तेथे मोठ्या जनावरांच्या शिकारीला जाणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. आधी ठरावीक सराव, मग शंभर मीटरवरील रेनडिअरच्या आकृतीवर पाच गोळ्या, आणि पाचही नेमून दिलेल्या वर्तुळात. एक चुकली तर पुन्हा प्रारंभ. रायफल कितीची, कोणत्या कारखान्याची, याने त्या पाच गोळ्यांत काही फरक पडत नाही. ज्या रायफलीने माणूस ही परीक्षा न कचरता देऊ शकतो, तीच त्याची घरची रायफल. रेड्यापर्यंत जाण्याचा मनसुबा असेल तर त्याने .३७५ घ्यावी, पण प्रवासाच्या आदल्या आठवड्यात नव्हे. दोन वर्षे आधी, आणि घरच्या हरणांवरही तीच वापरावी. रेड्याचा विचार नसेल तर .३०-०६ आणि उत्तम बांधणीची गोळी यांपलीकडे शोधाशोध व्यर्थ आहे.

आफ्रिकेतील तळांवर सरकारी परीक्षा नसली तरी एक अनौपचारिक रिवाज आहे. पाहुणा पोहोचला की पहिल्याच दुपारी त्याला ‘विमानात दुर्बीण हलली असेल, तपासून घेऊ’ असे सांगून झाडाला लावलेल्या पुठ्ठ्यावर दोन-तीन गोळ्या झाडायला लावतात. मार्गदर्शक पुठ्ठ्याकडे फारसे पाहत नाही. तो पाहुण्याच्या डोळ्यांकडे आणि खांद्याकडे पाहत असतो, आणि त्यावरून उद्या त्याला रेड्याच्या किती जवळ न्यायचे ते ठरवतो.