न्यायाधीश मोजायचे ते कामावरून

दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत, ही मागणी आपल्याकडे अजूनही हिरिरीने होते. विधी आयोगाने 1987 साली 120व्या अहवालात ती मांडली. तेव्हा देशात हे प्रमाण साडेदहा होते. 2000 सालापर्यंत ते अमेरिकेच्या 1981 सालच्या पातळीवर, म्हणजे 107 वर न्यावे, असेही त्यात होते. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने पन्नासचा आकडा उचलून धरला. मागणीमागची तळमळ खरी आहे. हिशेब मात्र चुकलेला आहे.

कारण डोकी मोजून खटले मोजले जात नाहीत. राष्ट्रीय न्यायालय व्यवस्थापन प्रणालीच्या 2012 च्या धोरणपत्रानुसार केरळात हजार लोकांमागे सुमारे 28 नवी प्रकरणे दाखल होत होती, झारखंडात अवघी चार. दोन्हीकडे एकच प्रमाण लावले, तर केरळातला पक्षकार तारखा मोजत बसेल.

2014 च्या 245व्या अहवालात आयोगानेच लोकसंख्येची पट्टी बाजूला ठेवली आणि निकालांचा वेग धरला: एक न्यायाधीश वर्षाला किती प्रकरणे निकाली काढतो, त्यावरून किती न्यायाधीश लागतील ते ठरवायचे. पट्टी सुधारली, पण पुरेशी नाही. तालुक्याच्या कोर्टाचा एक दिवस पाहा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी बहुधा एकच व्यक्ती. सकाळी पुकारा होतो, वाहतूक नियमभंगाचा आरोपी गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, प्रकरण निकाली. दुपारी वाटपाचा दावा निघतो. एक प्रतिवादी मयत, त्याचे वारस दाव्यात सामील करायचे. सातबारा, फेरफार, जुने खरेदीखत, मग साक्षीदाराची उलटतपासणी, ती अर्ध्यावर राहते आणि पुढची तारीख पडते. स्टेनो नसेल तर साक्ष न्यायाधीशानेच लिहून घ्यायची. नुसती संख्या धरणाऱ्या हिशेबात ही दोन्ही प्रकरणे सारखीच! अशा मोजणीने दंडाची प्रकरणे भराभर उडवणारा कार्यक्षम ठरतो आणि वाटपाचा दावा नीट चालवणारा मागे पडतो.

म्हणून प्रत्येक प्रकाराला लागणाऱ्या न्यायिक वेळेनुसार भार द्यावा आणि त्या भारावरून जागा ठरवाव्यात. 2017 साली इम्तियाज अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम सूत्र म्हणून हीच दिशा स्वीकारली.

यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. झारखंडातले चार म्हणजे तिथे तंटे नाहीत असे नव्हे. कोर्टापर्यंत पोचणे परवडत नाही, असेही असू शकते. फक्त दाखल प्रकरणे धरली, तर न पोचलेल्यांचे मुकेपण आपण कायम करू. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या पक्षकारांना उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू होईपर्यंत त्यांनी दशकानुदशके लढा दिला. तेव्हा अंतर आणि वस्ती पाहून प्रत्येक भागाला किमान न्यायाधीश द्यावेतच. त्यावरची वाढ कामाच्या भारावरून करावी.

‘आधी रिक्त पदे भरा’ म्हणणाऱ्यांचे बरोबर आहे, पण मंजूर पदांचा आकडाच चुकीचा असेल, तर ती भरूनही तुटवडा उरणार. आणि पदाबरोबर दालन, स्टेनो, बेलिफ मंजूर झाला नाही, तर नवा न्यायाधीश खुर्चीवर बसूनही काम अडलेलेच राहील.

उच्च न्यायालयाने दरवर्षी जिल्हावार भार आणि मंजूर पदे शेजारी शेजारी छापावीत. वकील संघटनांनी आता पन्नासचा आकडा सोडून हा तक्ता मागावा.