भिलाईच्या वेशीवर शेळी आणि झाड

छत्तीसगडच्या राजकारणात शेण हा जवळजवळ साडेतीन वर्षे गांभीर्याने चर्चिला गेलेला विषय होता. २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, भूपेश बघेल सरकारने गोधन न्याय योजना सुरू करून दोन रुपये किलो दराने शेण विकत घेण्यास आरंभ केला. दिल्लीत याची थट्टा झाली. दुर्ग जिल्ह्यात कोणी केली नाही. बघेल यांचा पाटण मतदारसंघ याच जिल्ह्यातला. गौठाणांत महिला बचत गट गांडूळखत करू लागले आणि सहकारी सोसायट्यांमार्फत ते दहा रुपये किलोने विकले जाऊ लागले. भाजपने या व्यवहारात भ्रष्टाचाराचे आरोप केले. डिसेंबर २०२३ मध्ये सत्तांतर होऊन विष्णुदेव साय मुख्यमंत्री झाले आणि शेणखरेदी थांबली.

योजना योग्य होती की अयोग्य, हा वाद पक्षांनी घालावा. प्रश्न निराळा आहे. सरकारबरोबर जी योजना जाते, तिच्या भरवशावर प्रशिक्षण घेतलेल्या बाईने पुढे काय करावे?

वस्तुतः भिलाईच्या परिसरात शिकण्याच्या सोयींची वाण नाही. दुर्गजवळच्या अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१२ पासून तेथेच कामधेनू विद्यापीठही आहे. अग्रणी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था शेळीपालनाचे वर्ग विनाशुल्क घेतात. कोसली ही लहान चणीची गाय आणि अंजोरी शेळी या स्थानिक जाती राष्ट्रीय पातळीवर नोंदल्या गेल्या आहेत. ज्ञान आहे, जनावरे आहेत. अडते ते पैशापाशी, आणि तेही पैसा नाही म्हणून नव्हे.

राष्ट्रीय पशुधन अभियानाची केंद्राने २०२१ मध्ये फेररचना केली. त्यात शेळीपालनाला पन्नास टक्के भांडवली अनुदान ठेवले आहे. परंतु त्यातला सर्वांत लहान प्रकल्पही शंभर शेळ्या व पाच बोकडांचा, कमाल अनुदान दहा लाख रुपये. म्हणजे वीस लाखांच्या प्रकल्पात उरलेले दहा लाख अर्जदाराने बँकेकडून अथवा पदरचे उभे करायचे, जागा स्वतःची वा भाडेपट्ट्याची दाखवायची; अनुदान दोन हप्त्यांत येणार. प्रशिक्षण वा अनुभवाचा पुरावाही लागतो. दहाबारा शेळ्या राखणाऱ्या कुटुंबाला प्रमाणपत्र मिळते, पण ज्या आकाराला अनुदान मिळते तो आकार त्याच्या आवाक्यातला नसतो. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून पशुपालकांनाही खुले झाले आणि जानेवारी २०२५ पासून विनातारण मर्यादा दोन लाखांवर गेली, हे खरे. तथापि ते मुख्यतः खेळते भांडवल. गोठ्याची भिंत त्यातून उभी राहत नाही.

आता झाडांकडे पाहू. वन खात्याच्या लेखी शेळी ही पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगार आहे. शेतकऱ्याचाही अनुभव फारसा वेगळा नाही: रब्बी निघाली की मोकाट चराई सुरू होते आणि बांधावरचे रोप जाते. म्हणूनच छत्तीसगडमध्ये पेरणीच्या काळात जनावरे बांधून ठेवण्याची रोका-छेका ही जुनी प्रथा आहे. बघेल सरकारने तिला मोहिमेचे रूप दिले, पण ती प्रामुख्याने खरिपापुरती. बघेल सरकारनेच २०२३ मध्ये मुख्यमंत्री वृक्ष संपदा योजना आणली. पाच एकरांपर्यंत वृक्षलागवडीचा पूर्ण खर्च शासनाने सोसावा, अशी ती योजना. निवडलेल्या जातींत साग, बांबू यांच्याबरोबर निलगिरीही होती. निलगिरीला शेळी तोंड लावत नाही, म्हणून ती शेतकऱ्याला सोयीची. चाराही देईल आणि लाकूडही देईल अशी सुबाभूळ किंवा शेवरी मात्र पशुसंवर्धन आणि वन या दोन खात्यांच्या मधल्या भिंतीवर उभी राहते. राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण २०१४ मध्येच झाले. असे धोरण करणारा भारत हा जगातला पहिला देश. ही भिंत त्यानेही हलली नाही.

पैशाचा सर्वांत मोठा साठा याच दुसऱ्या खात्याकडे आहे. १९५९ पासून पोलाद देणाऱ्या भिलाईचे लोखंड दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले आणि आता भिस्त रावघाटवर आहे. खाणीसाठी जंगल वळते केले की भरपाई वनीकरणाची रक्कम जमा होते. २०१६ च्या कायद्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०१९ मध्ये हा साठलेला निधी राज्यांना दिला, तेव्हा छत्तीसगडच्या वाट्याला ५ हजार ७९१ कोटी आले; महाराष्ट्राला ३ हजार ८४४ कोटी. या निधीतील लागवडीला कुंपण पडते आणि आसपासच्या गावाची चराई तेवढी आक्रसते. लोखंड भिलाईला, झाडे वन खात्याला, आणि शेळीवाल्याला दंडाची पावती.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा गाव येथून फार दूर नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेथे ग्रामसभा अगोदर संघटित होती. नियम तिने स्वतः घातले आणि पाळले. छत्तीसगडमध्ये तेंदूपत्त्याचा दर प्रमाण गोणीला २५०० वरून ४००० आणि पुढे ५५०० रुपये झाला, तो दोन्ही पक्षांच्या चढाओढीतून. दरवाढीची घोषणा सभेत टाळ्या मिळवते. कुंपणाच्या आत कोणत्या महिन्यात किती शेळ्या सोडायच्या, हे ग्रामसभेने ठरवावे आणि भरपाई निधीतून चाऱ्याची झाडे लावावीत, यासाठी अद्याप कोणत्याही जाहीरनाम्याला जागा सापडलेली नाही. रायपूरमधल्या दोन सचिवांनी एका मेजावर बसून प्रारंभ करता येईल इतकेच ते काम आहे.