नावे तिघींची, पळती तुकडीची

१/
१९ जानेवारी २०२५. नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात भारतीय महिलांनी नेपाळचा ७८–४० असा पराभव करून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची. दुष्काळ आणि ऊसतोड या दोनच शब्दांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याला त्या दिवशी तिसरी ओळख मिळाली. अभिनंदनाचे फलक उतरण्याआधीच मात्र खो-खोच्या रसिकांचा जुना वाद नव्याने पेटला: उत्तम पळणाऱ्या तिघी एकाच तुकडीत उतरवाव्यात, की तीन तुकड्यांत वाटून द्याव्यात? आणि उंच गडी दोन्ही खांबांपाशी बसवावेत की नाही?

२/
हा वाद रिकामटेकड्यांचा नव्हे. त्याचे मूळ खेळाच्या नियमांतच आहे. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदान, दोन टोकांना दोन खांब, त्यांच्यामधल्या मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ गडी, आणि नववा पाठलाग करणारा. पाठलाग करणाऱ्यावर बंधने फार. मध्यपाटी ओलांडायची नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडायची नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठेही जाण्याची मुभा. ही विषमता भरून काढण्यासाठीच ‘खो’ आहे. एकट्याला जे जमत नाही, ते नऊ जणांनी वाटून घ्यायचे.

३/
पळणाऱ्या बाजूचा नियम त्याहून सूक्ष्म आहे. नऊ गडी एकदम मैदानात येत नाहीत. तिघांच्या तुकडीने येतात. तिसरा बाद झाला की पुढची तुकडी उतरते. क्रम आधीच नोंदवलेला असतो. नऊही बाद झाले आणि वेळ उरली, तर पहिल्या तुकडीला त्याच क्रमाने पुन्हा उतरावे लागते. म्हणजे प्रशिक्षकाला सामन्यापूर्वी दोन प्रश्न सोडवावे लागतात: कोण कोणाबरोबर, आणि कोण कोणानंतर.

४/
या नियमांचा लिखित इतिहास मराठी मुलखातला. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्यास आरंभ केला. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांना अधिक नेटके रूप दिले. १९६०–६१ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा कोल्हापुरात झाली, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दिसला. आट्यापाट्या, लंगडी यांसारखे सोबती मागे पडले. खो-खो शाळांच्या पटांगणांवर टिकला, कारण त्याला मैदान आणि दोन खांब यांपलीकडे काही लागत नाही.

५/
तुकडीच्या वादात एक पक्ष म्हणतो, सर्वांत भक्कम तिघी पहिल्याच तुकडीत हव्यात. पाठलाग करणाऱ्यांचा पहिला जोम त्यांनी जिरवावा, त्यांना दमवावे, गोंधळात पाडावे. पुढच्या तुकड्यांचे काम मग आपोआप हलके होते. दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक तुकडीत एक खंबीर खेळाडू असली पाहिजे. नाहीतर पहिली तुकडी संपताच उरलेल्या सहा जणी पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळतात.

६/
हिशेब मांडला तर दुसऱ्या पक्षाचे पारडे जड होते. पारंपरिक सामन्यात एक पाळी नऊ मिनिटांची. समजा, तीन उत्कृष्ट खेळाडूंच्या तुकडीने साडेचार मिनिटे काढली. उरलेल्या दोन तुकड्या दीड-दीड मिनिटात गारद झाल्या, तर साडेसात मिनिटांतच नऊ गडी संपले. आता तीच पहिली तुकडी पुन्हा मैदानात, आणि तीही दमलेली. याउलट प्रत्येक तुकडीने तीन मिनिटे काढली, तर पाळी तिथेच संपते. तीन रत्ने एकाच डबीत ठेवल्याने डबी चमकते, पण घर अंधारात राहते.

७/
उंच गड्यांचा वाद आक्रमणाच्या बाजूचा. खांबाजवळच्या जागी उंच, लांब हाताची खेळाडू असावी, असा सर्वसाधारण समज. खांबाचा आधार घेऊन झेप टाकताना वीतभर लांब हात गडी मिळवून देतो. ते खरेच आहे. पण बैठकीतून उठून पहिले पाऊल टाकायला उंच देहाला क्षणभर अधिक लागतो, आणि खो-खोत क्षणभर म्हणजे पळणाऱ्याची एक हुलकावणी. दोन्ही टोकांना उंच गडी बसवून त्यांच्या शेजारी सुस्त गडी ठेवले, तर खांबावरची झेप घेण्याची संधीच येत नाही. कारण पळणारी खांबापर्यंत ढकलली जाते ती मधल्या गड्यांनी योग्य क्षणी दिलेल्या ‘खो’मुळे. त्यामुळे एका उंचीचे मोल शेजारच्या चपळाईवर ठरते.

८/
हाच वाद सातासमुद्रापार बास्केटबॉलमध्ये चार दशके चालू आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या ह्यूस्टन रॉकेट्स संघाने सात फूट चार इंच उंचीच्या राल्फ सॅम्पसनच्या जोडीला हकीम ओलाजुवॉनला आणले. या ‘जुळ्या मनोऱ्यां’नी १९८६ मध्ये संघाला अंतिम फेरीत नेले. तिथे बोस्टन सेल्टिक्सने त्यांना ४–२ असे हरवले. बोस्टनच्या पुढच्या फळीतही उंची होती. पण लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश या तिघांची कामे तीन वेगळ्या जातींची होती. एक दुरून नेम साधे आणि चेंडू वाटे, दुसरा टोपलीजवळ पायांच्या हालचालींनी प्रतिस्पर्ध्याला चकवी, तिसरा चेंडू उचलून धावत परते. ह्यूस्टनची जोडी पुढे दुखापतींनी खिळखिळी झाली आणि १९८७ च्या डिसेंबरात सॅम्पसनने संघ सोडला. एका मालिकेवरून सिद्धांत बांधता येत नाही. तरी एवढे दिसते की सारखेपणाची बेरीज आणि वेगळेपणाची जुळणी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

९/
मग रसिकांचा वाद वर्षानुवर्षे नावांभोवतीच का फिरतो? त्याचे एक कारण खो-खोच्या वृत्तांकनात सापडते. मराठी वर्तमानपत्रांतील खो-खोची बातमी ठरलेल्या साच्यात येते: अमुक खेळाडूने इतकी मिनिटे आणि इतके सेकंद संरक्षण केले, तमुकीने इतके गडी टिपले. ही काटेकोर परंपरा कौतुकास्पद आहे. पण तिच्यात हिशेब व्यक्तीचा असतो. तुकडी म्हणून तिघी मिळून किती वेळ टिकल्या, हा आकडा बहुधा छापला जात नाही.

१०/
आणि व्यक्तीचा आकडा फसवा असू शकतो. पाठलाग एका वेळी एकीचाच होतो. त्या वेळी उरलेल्या दोघी श्वास घेत असतात, आपली साखळी धरत असतात. तिघींपैकी पहिली जर जाणूनबुजून पाठलाग स्वतःवर ओढून घेत असेल, तर ती लवकर बाद होते आणि तिच्या नावापुढे चाळीस सेकंद लागतात. तिसरीच्या नावापुढे तीन मिनिटे लागतात. त्या तीन मिनिटांतला काही भाग पहिलीने आपल्या दमातून दिलेला असतो. कागद ते देणे लिहीत नाही. निवड समितीसमोर कागद जातो तेव्हा चाळीस सेकंदवाली गळते.

११/
विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातच याचे उदाहरण आहे. चौथ्या पाळीत भारतीय महिला पळतीत होत्या. तोपर्यंत धावफलक ७३–२४ होता. त्या पाळीत नेपाळने सोळा गुण मिळवले, पण भारतानेही केवळ पळतीतून पाच गुण मिळवले. भारताची एक तुकडी पाच मिनिटे चौदा सेकंद टिकली. बातम्यांत त्या पळतीचे नाव झाले चैत्रा बी. हिचे, आणि ती सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली. सन्मान यथायोग्यच होता. तरी त्या पाच मिनिटांत मैदानात तिघी उतरल्या होत्या, आणि गुण मिळाले ते तुकडी टिकली म्हणून.

१२/
नवीन पद्धतीच्या बाजूने एवढे म्हणायला हवे. २०२२ मध्ये सुरू झालेली अल्टिमेट खो-खो लीग आणि नंतरचा विश्वचषक यांनी खेळ आटोपशीर केला: मैदानात नवाऐवजी सात गडी, सात मिनिटांची पाळी, दोन्ही दिशांना पळण्याची मुभा असलेला ‘वझीर’. जुन्या जाणकारांना वझीर खुपला, कारण दिशेचे बंधन हा खेळाचा प्राण. पण ‘ड्रीम रन’च्या नियमाने प्रथमच तुकडीच्या टिकण्याला गुणांची किंमत दिली. विश्वचषकात तीन मिनिटे पूर्ण झाली की एक गुण, पुढे प्रत्येक तीस सेकंदांना एक. जे प्रशिक्षकांना तोंडपाठ होते, ते प्रेक्षकांना धावफलकावर दिसू लागले. परंपरेवर अन्याय करणाऱ्या म्हणून हिणवल्या गेलेल्या पद्धतीने परंपरेतले एक मर्म उजेडात आणले, हे मान्य करावे लागते.

१३/
बीडला हे मर्म कोणी शिकवण्याची गरज नाही. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या माणसांची मोजदाद डोक्यांनी होत नाही, ‘कोयत्यां’नी होते. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकट्याचा तो अर्धा कोयता. एकाने तोडायचे, दुसऱ्याने पाचट काढून मोळी बांधायची. जोडी जुळली नाही तर फड मागे पडतो. काम माणसांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जुळणीवर चालते, हे इथल्या घराघरांत अनुभवाने ठाऊक आहे.

१४/
मात्र हेच उदाहरण उलट बाजूही दाखवते, आणि ती दडवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कोयत्याच्या हिशेबात बाईचे श्रम वेगळे दिसत नाहीत. उचल घेणारा हात, अंगठा उठवणारा हात बहुधा पुरुषाचा असतो. ती पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर फडात राबते, डोक्यावरून मोळ्या वाहते. हिशेबात मात्र ती कोयत्याचा अर्धा भाग. जोडीचा आकडा माणसाला गिळू शकतो. म्हणून खेळातही केवळ तुकडीचा आकडा पुरेसा नाही. त्यामागे कोणाचा दम खर्ची पडला, याची वेगळी नोंद हवी.

१५/
यावरून निवडीसंबंधी एक साधा आग्रह धरता येतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी मुली वर जातात, आणि दर पायरीवर चाचणी अल्पकाळाची असते. त्या चाचणीत मुलींना एकाच ठरावीक तुकडीत न पळवता फिरवून वेगवेगळ्या तुकड्यांत उतरवावे. प्रत्येक वेळी तुकडीचा एकूण वेळ लिहावा. अमुक मुलगी असताना तुकडी किती टिकते आणि नसताना किती, एवढी एकच नोंद ठेवावी. त्याला यंत्र लागत नाही, संगणक लागत नाही. एक वही आणि एक स्टॉपवॉच पुरते. चाळीस सेकंदवाली मुलगी तुकडीचा वेळ दर वेळी वाढवत असेल, तर ते दोन तासांत वहीवर उतरेल.

१६/
मागास म्हणवल्या जाणाऱ्या मुलखात या नोंदीचे मोल अधिक आहे. शहरातल्या मुलीला एका चाचणीत अपयश आले तर दुसरा संघ, दुसरा प्रशिक्षक जवळ असतो. खेड्यातल्या मुलीच्या वाट्याला अनेकदा एकच चाचणी येते. ती हुकली की मैदान सुटते, आणि मैदान सुटले की लग्नाची बोलणी सुरू होतात. प्रियांका इंगळेचे मूळ केजचे, पण तिचा खेळ घडला पुण्याच्या परिसरात. हे तिच्या कर्तृत्वाला उणे नाही. बीडने मात्र फलक लावताना स्वतःला विचारावे, की केजमध्येच राहिलेल्या तशाच मुलीची तुकडी कोण जुळवणार?

१७/
उत्तर फार दूर नाही. केजच्या सीमेवरून वाहणाऱ्या मांजरा नदीपलीकडे धाराशिव जिल्हा आहे. तिथल्या सारिका काळे हिने भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. त्या जिल्ह्यात मुलींचा खो-खो वर्षानुवर्षे नेटाने रुजवला गेला. एक नाव मोठे झाले, कारण त्याच्या मागेपुढे पळणाऱ्या अनेक जणी होत्या. पाऊस तोच, माती तीच, गरिबीही फारशी वेगळी नाही.

१८/
तेव्हा श्रेष्ठ तिघी कोणत्या, हा वाद रसिकांनी खुशाल चालू ठेवावा. वाद हा खेळाच्या जिवंतपणाचा पुरावा आहे. फक्त यादी करताना प्रत्येक नावापुढे आणखी दोन नावे लिहिण्याची सवय लावून घ्यावी: ही कोणाबरोबर पळाली, आणि तिच्यासाठी कोण आधी बाद झाली. खो-खोचा इतिहास अजून तसा लिहिला गेलेला नाही. बीडच्या एखाद्या शाळेच्या पटांगणावर, एका वहीत, तो आजपासून लिहिता येईल.