दर तेच, बिल मात्र वाढते

दिल्लीतल्या वीजबिलात चालू वापराखेरीज दोन जुनी देणी वसूल होतात. 8 टक्के अधिभार वितरण कंपन्यांची साचलेली येणी फेडण्यासाठी, 7 टक्के पूर्वीच्या दिल्ली विद्युत बोर्डाच्या निवृत्तांच्या पेन्शन ट्रस्टसाठी. 2021 च्या दर आदेशानुसार 4 किलोवॉट मंजूर भाराच्या घरात महिन्याला 400 युनिट वापरले, तर वीज आकार 1,500 रुपये, स्थिर आकार 200 रुपये आणि हे दोन अधिभार मिळून 255 रुपये होतात. वीजखरेदी अधिभार आणि महापालिकेचा 5 टक्के वीज कर वेगळाच.

1 जुलै 2002 रोजी बोर्ड मोडून वितरण तीन कंपन्यांकडे गेले. प्रत्येकीत 51 टक्के वाटा खासगी, 49 टक्के दिल्ली सरकारचा. निम्म्याच्या घरातली वीजगळती पुढे एक आकडी टक्क्यांवर आली. ही गळती कमी होण्यात नियमाने बिल भरणाऱ्यांचाही हात आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. मात्र कंपन्यांचा मान्य झालेला खर्च पूर्णपणे दरात उतरलाच नाही. दरवाढीचा वाईटपणा टळला, तूट ‘रेग्युलेटरी ॲसेट’ म्हणून वहीत गेली आणि तिच्यावर व्याज चढत राहिले. मार्च 2024 अखेर ही रक्कम सुमारे 27,200 कोटी रुपयांवर पोहोचली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी येणी मुदतीत फेडण्याचा आदेश दिला. पैसा शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जायचा.

सबसिडीने हे कर्ज फिटत नाही. 2019 पासून 200 युनिटपर्यंत बिल शून्य, 400 पर्यंत निम्मे, तेही 800 रुपयांच्या मर्यादेत. महिन्यात 401 वे युनिट पडले की सारी सवलत बुडते. मे-जूनच्या उकाड्यात कूलर लावणाऱ्या मोठ्या कुटुंबाला ही रेषा ओलांडायला कितीसा वेळ लागतो?

वसुली पक्की, तपासणी मात्र अर्धवट. 2014 मध्ये दिल्ली सरकारने कंपन्यांचे लेखापरीक्षण कॅगकडे सोपवले. 30 ऑक्टोबर 2015 रोजी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

वीज कायदा 2003 च्या कलम 64 नुसार दर ठरवण्यापूर्वी वीज नियामक आयोगाला जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. दिल्लीतल्या ग्राहकांनी, गृहनिर्माण सोसायट्यांनी आणि मंडळांनी पुढच्या सुनावणीत लेखी हरकत द्यावी: थकीत रकमेत मुद्दल किती, व्याज किती आणि 8 टक्क्यांतून आजवर फिटले किती, हा हिशेब जाहीर झाल्याखेरीज अधिभारात एक पैसाही वाढवू नये.