कोंबडी शांत झालेली नसते!

मंडळी, कोंबडीला जमिनीवर दाबून धरायचं, चोचीपुढे खडूची रेघ ओढायची आणि हात काढून घ्यायचा. ती तशीच पडून राहते. किर्चर नावाच्या जेझुइट पंडिताने हा प्रयोग १६४६ साली छापला. त्याच्या मते कोंबडीला ती रेघ म्हणजे दोरीच वाटते! पुढे लोक याला 'संमोहन' म्हणू लागले. आजही टाळ्या वाजतात.

अहो, ती भीतीने गोठलेली असते. १९७१ साली अमेरिकेत गॅलप आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांना मन शांत करणारं औषध दिलं. ती नुसती शांत पडली असती, तर औषधाने आणखी पडून राहायला हवी होती. झालं उलटंच, ती लवकर उठली! आणि आधी मोठा आवाज केला किंवा विजेचा झटका दिला, तर जास्त वेळ पडून राहिली. भीती वाढली की गोठणं वाढतं, भीती उतरली की कोंबडी उठते.

हे मी का सांगतोय? कारण 'ती ओरडली का नाही, प्रतिकार का नाही केला?' असं अजून शिकलेली माणसं विचारतात. १९७८ साली मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तोच तर्क लावून पोलिसांना सोडलं. २०१३ साली कायद्यातच लिहावं लागलं, की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होत नाही.

कायदा बदलला. आपण कधी बदलणार? गप्प बसलेल्या मुलीला 'तुझी संमती होती' म्हणणारा माणूस आणि टाळ्या वाजवणारा माणूस, दोघेही एकाच माळेचे मणी.