दाढ उपटावी, की राखावी?

अकोल्याच्या डोंगराळ भागातील मजुराची दाढ किडली, तर ती उपटून टाकणे त्याला परवडते; राखणे परवडत नाही. सरकारी रुग्णालयात दात नाममात्र खर्चात निघतो. रूट कॅनॉल करून वर टोपी बसवावयाची, तर खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजावे लागतात. खेपांपायी मजुरी बुडते ती वेगळीच.

यासाठी खासगी दंतवैद्यांना सरसकट नफेखोर ठरविणे सोपे आहे, न्याय्य नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी व संगमनेर येथे दंत महाविद्यालये आहेत, तीही खासगी संस्थांची. लाखोंचे शुल्क भरून पदवी घेतलेला तरुण कर्ज काढून खुर्ची मांडतो, तेव्हा त्याला वसुलीची घाई असणारच. महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या हातून उपचार स्वस्तात होतात, हे खरे. पण राजूरच्या म्हातारीला लोणी जवळ नाही.

खरा दोष शासनाच्या हिशेबात आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो, किडलेली दाढ भरण्याचा मिळत नाही. मिश्री लावणाऱ्या बाईचे तोंड दंतचिकित्सकाने वेळीच पाहिले, तर पहिला खर्चही पुष्कळदा टळेल. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालणाऱ्या राज्याला हे उमगू नये? ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सक, खुर्ची आणि दात भरण्याचे साहित्य एकाच वेळी हवे. साहित्यच नसेल, तर डॉक्टरच्या हाती चिमटा तेवढा उरतो.