‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’चे पत्रक आणि कॉलेजची निवड

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या विहारात दोन रविवार प्रवेश-मार्गदर्शन चालते. यंदा एक आई मुलीला घेऊन आली. मुलीला कॉमर्समध्ये ८८ टक्के. हातात एका खासगी क्लासचे चकचकीत पत्रक होते : सहा महिन्यांत इन्व्हेस्टमेंट बँकर बना, नोकरीची हमी. फी लाखाच्या घरात, हप्त्यांची सोय. जागा अडवण्यासाठी दोन हजार रुपये त्यांनी आधीच भरले होते. आईचा प्रश्न साधा होता, “ताई, बँकेचंच आहे ना हे? मग कॉलेज कुठलंही चालतं म्हणाले ते.”

कॉलेज कुठलेही चालते, हे वाक्य मला खटकले. या व्यवसायात ते कुठलेही चालत नाही, आणि ज्यांच्या घरात हे सांगणारे कोणी नसते त्यांनाच ते ऐकवले जाते.

इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे पासबुक आणि काउंटरची बँक नव्हे. कंपन्यांना भांडवल उभे करून देणे, त्यांचा आयपीओ बाजारात आणणे, एक कंपनी दुसरी विकत घेत असेल तर तिची किंमत काढून सल्ला देणे, हे तिचे काम. आपल्याकडे आयपीओचे काम पाहायला सेबीकडे मर्चंट बँकर म्हणून नोंदणी लागते. कोटक महिंद्रा कॅपिटल, जेएम फायनान्शियल, अ‍ॅक्सिस कॅपिटल ही देशी नावे. गोल्डमन सॅक्स, मॉर्गन स्टॅनले ही परदेशी. व्यवहार ठरवणारी माणसे थोडी असतात, पगार मोठा असतो आणि कामाचे तास मोजण्यापलीकडचे.

याच परदेशी बँकांची मोठाली कार्यालये मुंबईची उपनगरे, पुणे, बंगळुरू, हैदराबाद इथे आहेत. तिथे हजारो मुले-मुली झालेल्या सौद्यांची पूर्तता करतात, ग्राहकांची केवायसी तपासतात, दोन बाजूंच्या नोंदी जुळवतात. याला ऑपरेशन्स म्हणतात. काम इज्जतीचे आहे, आपल्या अनेक घरांना त्याने उभे केले आहे. पण त्या टेबलावरून सौदे ठरवणाऱ्या टेबलावर जाणारे क्वचित. पत्रकाच्या मागच्या बाजूचा अभ्यासक्रम वाचला तर सगळा ऑपरेशन्सचाच होता. त्यासाठी कंपन्या साध्या बी.कॉम. झालेल्यांनाही घेतात आणि शिकवतात. लाखभर रुपये नेमके कशाचे, हे त्या आईला कोणी सांगितले नव्हते.

मग सौदे ठरवणाऱ्या टेबलापर्यंत कोण पोहोचते? बहुतेक भरती मोजक्या आवारांतून होते : जुन्या आयआयएम, दिल्लीचे एफएमएस, मुंबईचे जमनालाल बजाज, काही आयआयटी, पदवीच्या पातळीवर दिल्लीचे श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स. शिवाय चांगल्या गुणांचे सीए. कंपनी आवारात येते, उन्हाळी इंटर्नशिप देते आणि त्यातून पुढे नोकरीचा प्रस्ताव देते. ज्या कॉलेजात ती येत नाही तिथल्या मुलाचा अर्ज उघडला जाण्यासाठी सहसा ओळख लागते, आणि ती आपल्याकडे नसते. अमेरिकेतल्या बड्या बँका आणि कायदा-सल्लागार कंपन्या कशी माणसे निवडतात यावर समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांचे ‘पेडिग्री’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. ठरावीक विद्यापीठांच्या यादीबाहेरचे अर्ज बाजूला पडतात आणि मुलाखतीत ‘हा आपल्यातला वाटतो का’ हे पाहिले जाते, असे त्यात दिसते. आपल्या देशात ‘आपल्यातला’ म्हणजे काय, हे या संकेतस्थळाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तरी दोन अभ्यास सांगते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की सगळे गुणवत्तेची भाषा बोलतात आणि मुलाखतीत ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारतात. दोन्ही लेख २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आले.

त्याच्या नव्वद वर्षे आधी हेच मुंबईत घडून गेले होते. कोलंबियाहून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईना, आणि पेढी बंद पडली. आपल्या जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट फारशी येत नाही. मला मात्र ती आजच्या विषयाच्या अगदी जवळची वाटते, कारण त्यानंतर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांना ज्ञानाची कमतरता तेव्हाही नव्हती. बाजाराने नाकारले, सरकारी कॉलेजात जागा मिळाली.

म्हणून कॉलेज निवडताना पहिला प्रश्न : तिथे आपल्याला प्रवेश आणि फीची सवलत दोन्ही मिळते का? मुंबईत कॉमर्ससाठी ज्यांची नावे घेतली जातात त्यांतली बरीच अल्पसंख्याक दर्जाची आहेत. सेंट झेवियर्स ख्रिस्ती, जय हिंद आणि एच. आर. सिंधी. घटनेच्या अनुच्छेद १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. म्हणजे ही कॉलेजे चांगली असली तरी तिथे आपल्या मुलांना खुल्या जागांतून भिडावे लागते. सिडनहॅम सरकारी आहे, चर्चगेटला आहे, अनुसूचित जातीच्या जागा आहेत आणि फी आवाक्यात. फोर्टमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज आहे, दलाल स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ते आपले आहे हे खरे, पण त्याच्या आवारात सौदे ठरवणाऱ्या बँका भरतीला येतात का, हा प्रश्न आपण संस्थेला कधी एकत्र येऊन विचारला आहे का? निवडणुका आणि विश्वस्तांचे वाद यांवर आपण जितके बोलतो त्याच्या निम्मे तरी यावर बोलायला हवे.

दुसरी गोष्ट वेळेची. दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशासाठी सीयूईटी लागते आणि तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो. महाराष्ट्रात बीबीए, बीएमएससाठी २०२४ पासून वेगळी सीईटी आली; तिचीही नोंदणी आधीच होते. (मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी मग पदवीचे नावच बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज असे करून टाकले. प्रवेश घेताना हे नीट पाहावे.) निकालानंतर विहारात येणाऱ्यांसाठी दिल्लीचे दार तर त्या वर्षापुरते बंद झालेले असते. आमचे रविवार चुकीच्या महिन्यात भरतात, हे मला कबूल केले पाहिजे. खरे तर अकरावीलाच सांगायला हवे की गणित सोडू नका. गणिताशिवाय दिल्लीत अर्थशास्त्र ऑनर्स मिळत नाही.

कागदपत्रांचेही तसेच. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो. राज्याचा दाखला घेऊन दिल्लीपर्यंत गेलेली मुले मी पाहिली आहेत. शिष्यवृत्तीचे गणितही आधी मांडावे. महाडीबीटीवर अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, त्यापुढे फ्रीशिप. व्यावसायिक अभ्यासक्रमात मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की दोन्ही हातची जातात.

माझे मत असे की बहुतेक मुलांसाठी पदवीचे कॉलेज हा पहिला टप्पा आहे, खरे दार पदव्युत्तर पातळीवर उघडते. त्यामुळे पदवीला कर्ज काढू नये. स्वस्त, शहरातले, शिस्तीचे कॉलेज घ्यावे, गुण टिकवावेत, कारण आयआयएम दहावीपासूनचे गुण पाहतात. सोबत सीए करता आले तर उत्तम. ती परीक्षा आडनाव विचारत नाही. आर्टिकलशिप मिळवताना ओळख लागते, पण आता ती दोन वर्षांची झाली आहे आणि थोडे का होईना विद्यावेतन मिळते. पुढे कॅट देऊन आयआयएम, जिथे १५ टक्के जागा आहेत. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर जाते, हा आकडा ऐकून घरे माघार घेतात. केंद्राच्या टॉप क्लास योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पूर्ण शिक्षणशुल्क मिळते, हे फार थोड्यांना माहीत असते. प्रत्येक संस्थेत तिच्या जागा ठरलेल्या आहेत, म्हणून प्रवेश मिळताच अर्ज करावा. जमनालाल बजाज आणि एफएमएस यांची फी आयआयएमच्या मानाने बरीच कमी. परदेशी जायचे तर राज्याची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागांची.

आणि कुठेही गेलात तरी प्लेसमेंटची आकडेवारी पाहताना फक्त कंपनीचे नाव वाचू नका. त्याच कंपनीने मुलांना कोणत्या कामासाठी घेतले, ते लेखी मागा. पत्रकावर बँकेचे बोधचिन्ह छापणे सोपे असते, कामाचे नाव लिहायला लावले की बोलणारा अडखळतो.

त्या मुलीने सिडनहॅमचा अर्ज भरला. सीएच्या पहिल्या परीक्षेची नोंदणीही करणार आहे. आई मात्र अजून त्या दोन हजारांसाठी क्लासला फोन लावते. पलीकडून दर वेळी सांगतात, ते पैसे परत मिळत नाहीत, पण पुढच्या बॅचमध्ये वळते करून देऊ.